पावणा कोळी, गावचा कोळी

शिवांजलीला बघायला आम्ही निपाणीला गेलो, तेव्हाच पहिला घोटाळा झाला. पोहे झाले, चहा झाला, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, विचारलं, "पोरगी शिकत्या काय?"

तिचे मामा समोरच बसले होते. महालिंगमामा. भाचीचं कौतुक त्यांच्या मिशीतनंसुद्धा ओसंडत होतं. ते म्हणाले, "कोळ्यांवर पीएचडी करत्या."

अप्पांचा हात कपावरच थांबला. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "म्हंजे दर्याकडं जाऊन ऱ्हावं लागत असंल. आन तिकडं जेवायचं कसं करत्यासा?"

शिवांजली हसली. तोंडावर पदर वगैरे काही न घेता, चांगली खो-खो हसली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीनं असं हसायचं नसतं. माझ्या आईची भुवई वर गेली, आणि माझं मात्र तिथंच ठरलं.

"काका, ते कोळी नव्हेत," ती म्हणाली. "झाडाच्या पानावरचे कोळी. मिठाचा कण असतो ना, त्याहून बारीक."

"मग दिसत्यात कसं?"

"दिसत नाहीत. तेच तर माझं काम."

अप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की परत येताना गाडीत ते दोनदा म्हणाले, "न दिसणाऱ्यावर पीएचडी. डोकंच पायजे बाबा."

लग्न झालं आणि ती आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात आली. मी, शशिधर, शिरोलीच्या एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन. पंपाचे, व्हॉल्व्हचे, गिअरबॉक्सचे नकाशे काढायचे हे माझं काम. अप्पांनी भांड्यांचं दुकान नुकतंच थोरल्या भावाच्या हवाली केलेलं, त्यामुळं ते दिवसभर रिकामे. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. गोलकीपरला जशी सगळ्या मैदानावर नजर ठेवायची खोड, तशी त्यांना घरातल्या प्रत्येकाच्या कामावर. सून आली तशी ती नजर सुनेच्या कामावर गेली.

तिचं काम मला कळायला थोडे दिवस लागले. पानावर लाल कोळी पडतो हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. तो पानाच्या खाली बसून रस पितो, पान पिवळं पडतं, वर बारीक जाळी धरते. या लाल कोळ्याला खाणारे दुसरे कोळी असतात, भक्षक कोळी. ते शेतकऱ्याचे मित्र. पण या मित्रांच्या जाती भरपूर, आणि त्यातल्या काही एकमेकींच्या इतक्या सख्ख्या की नुसत्या भिंगातनं बघितलं तर फरक काडीचा दिसत नाही. एक जात उन्हाळा सोसते, दुसरी सोसत नाही. एकीला लाल कोळी मिळाला नाही तर ती फुलाच्या परागावर भागवते, दुसरी उपाशी मरते किंवा निघून जाते. म्हणून कुठली कोण, हे नेमकं सांगता यायला लागतं. ते सांगायचं काम शिवांजलीचं.

सोमवारी फौंड्रीला सुट्टी असायची. एका सोमवारी ती मला तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथं काचपट्टीवर औषधात बुडवून पारदर्शक केलेली एक मादी होती. सूक्ष्मदर्शकातनं बघितलं तर एक फिकट नासपती, आठ पाय आणि पाठीवर मोजके केस. तिनं पट्टी बदलली. दुसरी नासपती.

"ही दोन्ही एकच हाईत," मी म्हणालो.

"नीट बघा. या केसाचं टोक पुढच्या केसाच्या मुळाला पोचतंय का?"

"पोचतंय की. पुढंच गेलंय."

"आणि पहिल्या पट्टीवर?"

मी परत बघितलं. "न्हाय. निम्म्यातच संपलंय."

"मग एकच कशा?"

"केसाच्या लांबीवरनं जात ठरवायची म्हटल्यावर आमच्या अप्पांचं काय करणार तू?" मी विचारलं. अप्पांचं डोकं म्हणजे त्यांनीच दुकानात घासून ठेवलेलं तांब्याचं घंगाळ.

ती हसली, पण मला सोडलं नाही. केस झाले की पोटातली एक बारीक पिशवी दाखवली. मादी नराकडनं मिळालेलं बीज त्या पिशवीत जपून ठेवते. एका जातीत तिचं तोंड पेल्यासारखं, दुसरीत घंटेसारखं. केसावर शंका आली तर ही पिशवी बघायची, ती खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासनं तिच्या प्रबंधातली चित्रं काढायचं काम माझ्याकडं आलं. व्हॉल्व्हचा छेद काढणाऱ्या माणसाला पिशवीचा छेद काढायला काय अवघड! उलट व्हॉल्व्हपेक्षा ही पिशवी देखणी होती.

२००२ सालची गोष्ट. फेब्रुवारीत महालिंगमामा त्यांची जीप घेऊन दारात आले. पेठेच्या बोळात जीप अडकली, मागं रिक्षांचे हॉर्न सुरू झाले, तरी मामा खाली उतरून सरळ स्वयंपाकघरात.

"पोरी, तुझं कोळी कवा कामाला यायचं? मामाची गुलाबं वाळाय लागल्यात."

मामांचं उचगावच्या पुढं गुलाबाचं पॉलिहाऊस होतं. कापडाच्या व्यापारातनं या नादाला लागलेले. फुलं मुंबईला जायची. त्या वर्षी लाल कोळ्यानं उच्छाद मांडला होता. औषध बदललं, डोस वाढवला, कोळी हटेना.

"आता तर यव्वा, औषध मारलं की ती ताजीतवानी हुत्यात," मामा म्हणाले. "टॉनिक दिल्यागत."

"मामा, मी भक्षक कोळी वाढवून देते. पण एक अट. फवारणी पूर्ण बंद."

"बंद? म्हंजे हत्यार खाली ठिवून बसायचं?"

"औषधानं माझे कोळी आधी मरतील. तुमचे मागनं."

मामांनी मिशीवरनं हात फिरवला आणि कबूल केलं. पण जाता जाता म्हणाले, "बंद करतो. मात्र त्या चिमणाबाईला आधी वांगी उपटाय लावतो. सगळा कोळी तिच्या वांग्यातनं माझ्यात येतोय."

चिमणाबाई म्हणजे मामांची बांधाला बांध लागून असलेली शेजारीण. तिचा वांग्याचा तुकडा पॉलिहाऊसच्या थेट पलीकडं. ती कधीच फवारायची नाही, त्यामुळं तिच्या वांग्यावर सगळ्या प्रकारचे जीव नांदायचे. मामा आणि ती रोज बांधावर उभं राहून एकमेकांचा उद्धार करायचे. मामा म्हणायचे, तुझी वांगी उपट. ती म्हणायची, तुझा कागदाचा मांडव मोड, त्याच्यावरनं पडणारं पावसाचं पाणी माझ्या रानात शिरतंय.

शिवांजलीनं दूरच्या एका प्रयोगशाळेतनं भक्षक कोळी मागवले. मूळचे परदेशी, पण मोठे नावाजलेले. अप्पांनी बारशाची वाट न बघता नाव ठेवलं, "पावणं." पाहुण्यांना खायला लाल कोळी हवेत, आणि लाल कोळ्यांना खायला घेवडा. मग आमच्या गच्चीवर कुंड्याच कुंड्या. अप्पा सकाळी उठून घेवड्याला पाणी घालत, भिंग लावून पानं बघत आणि खाली येऊन सगळ्यांना बातम्या देत. "पावण्यांनी काल दाबून हाणलंय. तिसऱ्या कुंडीत नुसती सालं पडल्यात."

आईचं डोकं फिरलं होतं. "घेवडा आमचा, खाणार कोळी, त्या कोळ्याला खाणार दुसरा कोळी, आन आम्ही भाजी मंडईतनं इकत आणायची! कसली ही सून?" ती शेजारणींना सांगायची. पण रात्रीची थंडी वाढली की कुंड्यांवर जुनं लुगडं टाकून यायचीही तीच.

मार्चमध्ये पाहुणे उचगावला निघाले. घेवड्याची पानं डब्यांत भरून, डबे अप्पांच्या मांडीवर. मामांनी पॉलिहाऊसच्या दाराला तोरण बांधलं होतं. कुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी डब्यावर उडालं तशी शिवांजली ओरडली, "मामा, बुडतील ते!"

"पावण्यास्नी पाणी देतोय, आन काय," मामा म्हणाले.

मग आम्ही सगळ्यांनी गुलाबाच्या फांद्यांवर घेवड्याची पानं अडकवली. बांधाच्या पलीकडनं चिमणाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. गुलाबाला घेवड्याची पानं लावणारी माणसं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितली असणार. "लागीर झालंय जणू," असं ती कुणाला तरी मोठ्यानं म्हणालेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

एप्रिल कडक गेला. पॉलिहाऊसच्या प्लास्टिक कागदाखाली भट्टी. आणि मेच्या सुरवातीला मामांचा फोन आला, तो मलाच आला, आणि त्यांच्या आवाजानं रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "जावईबापू, पानं हिरवीगार! जाळी गेली! शिवाला सांगा, मामा तिच्या पाया पडतोय!"

खरंच होतं. आम्ही जाऊन बघितलं. नवी पालवी तुकतुकीत, पानांच्या खाली लाल कोळी शोधून सापडेना, आणि चकाकणारे भक्षक कोळी मात्र पानाच्या मधल्या शिरेच्या कडेनं तुरुतुरु पळत होते. अप्पा भिंग लावून म्हणाले, "आपलीच पोरं हाईत. बघा कशी पळत्यात, पेठेची चाल."

मामांनी ही बातमी कोल्हापूरभर केली. जिल्ह्यातल्या फूल उत्पादकांचं एक मंडळ होतं, त्याचे ते चिटणीस. मंडळानं उचगावच्या एका मंगल कार्यालयात शिवांजलीचा सत्कार ठरवला. शाल, फेटा, श्रीफळ, आणि 'परदेशी मित्रकोळ्यांची यशोगाथा' असा फलक. पाहुण्या कोळ्यांची मागणी नोंदवायला कबनूरहून, जयसिंगपूरहून लोक यायचे होते.

सत्काराच्या आधीच्या आठवड्यात शिवांजलीनं पॉलिहाऊसमधनं कोळी गोळा केले. प्रबंधात नोंद हवी, एवढंच कारण. सोमवारी मी चित्र काढायला प्रयोगशाळेत गेलो. पट्टी लावली, कागद लावला, आणि नेहमीच्या सवयीनं पाठीवरचे केस काढायला लागलो.

"शिवा, ही पट्टी चुकीची दिलीस."

"का?"

"केस लांब हाईत. आपल्या पावण्यांचं केस निम्म्यात संपतंय की."

ती पुढं आली, बघितलं. दुसरी पट्टी लावली. तिसरी. सगळ्यांचे केस लांब. मग तिनं पोटातली पिशवी बघितली. पाहुण्यांची घंटेसारखी असते. ही पेल्यासारखी होती. स्वच्छ, रेखीव, पेल्यासारखी.

"हे आपले नाहीत," ती म्हणाली.

तिला पहिली शंका स्वतःच्याच गच्चीवर आली. कुंड्यांत भलतीच जात शिरली असेल, आपणच मामांना चुकीचे कोळी दिले असतील. घरी येऊन तिनं प्रत्येक कुंडीतनं नमुने घेतले. पट्ट्या सुकेपर्यंत अप्पा तिच्याभोवती घिरट्या घालत. शेवटी निकाल आला. गच्चीवरचे सगळे पाहुणेच होते. आखूड केस, घंटेसारखी पिशवी. म्हणजे आम्ही उचगावला नेले ते बरोबर होते. तिथं गेल्यावर ते संपले होते, बहुतेक एप्रिलच्या उन्हात. आणि लाल कोळी खाऊन पानं साफ केली ती दुसऱ्याच कुणीतरी.

"कुणी?" अप्पांनी विचारलं.

"यांचाच एक सख्खा भाऊबंद आहे. आपल्याच भागातला, जंगली झाडांवर, भाजीवर असतो. तो शिरला असणार."

"कुठनं शिरला?"

हे विचारल्यावर आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो, कारण पॉलिहाऊसच्या पलीकडं काय आहे ते तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला गाडीवर घेऊन उचगावला गेलो. मामांना न सांगता, मागच्या वाटेनं. चिमणाबाई वांगी तोडत होती. आम्हाला बघताच विळा घेऊन उभी राहिली.

"मामानं धाडलंय व्हय? वांगी उपटाय?"

"नाही मावशी. मला थोडी पानं पाहिजेत."

"पानं? वांगी न्हाईत पायजे?"

"नकोत. पानंच. खालची, जुनी, पिवळी पडलेली असली तर बरंच."

चिमणाबाईनं माझ्याकडं बघितलं. "पावणं, मंडळी बरी हाईत न्हवं तुमची?"

मी म्हणालो, "लग्नाच्या आधीपासनंच असं हाय. हळूहळू सवय हुत्या."

शिवांजली रागावली नाही. तिनं एक पान उलटं केलं, भिंग काढलं आणि चिमणाबाईच्या हातात दिलं. चिमणाबाईनं आधी भिंग उलटं धरलं, मग सुलटं, मग डोळा मिचकावत पानावर वाकली. आणि एकदम मागं सरकली.

"आगं बया! ही तर पळत्यात की गं!"

"जी हळू चालतात ती तुमची वांगी खातात. जी पळतात ती त्यांना खातात."

"माझ्या रानात? रोज?"

"रोज."

चिमणाबाई परत वाकली. बराच वेळ ती उठलीच नाही. मधेच "खाल्लं! खाल्लं त्यानं!" म्हणून ओरडली, शेजारच्या रानातनं दोन बायका धावत आल्या, त्यांनाही बघायचं होतं. आम्हाला निघायला दुपार झाली. पिशवीभर पानं तर मिळालीच, वर दोन किलो वांगीही गाडीला अडकवली गेली.

वांग्यावरच्या कोळ्यांच्या पट्ट्या तयार झाल्या. केस लांब. पिशवी पेल्यासारखी. मी चित्रं काढली आणि पॉलिहाऊसच्या चित्रांवर ठेवून खिडकीच्या काचेला धरली. रेघेवर रेघ बसली.

उत्तर मिळालं आणि पंचाईत सुरू झाली. सत्कार रविवारी होता.

"मामाला सत्कारानंतर सांग," मी जेवताना म्हणालो. "गुलाबं बरी झाली ना? कोळी कुठला का असंना."

"लोक पाहुण्यांची मागणी नोंदवायला येणार आहेत," ती म्हणाली. "ते पुढच्या उन्हाळ्यात सोडतील. मरतील. मग म्हणतील, कोळ्यांचा काही उपयोग नाही, आणा औषध. आणि फवारलं की गावचेही मरतील."

"पण मामाचं तोंड कुठं ऱ्हाईल?"

मामांनीच तिला शिकवलं होतं. वडील लवकर गेल्यावर वसतिगृहात मामाच नेऊन सोडायचे, आणि प्रत्येक निकालाला पेढे वाटायचेही तेच. ताटातली भाकरी तिनं बारीक बारीक मोडून ठेवली होती, एकही घास खाल्ला नव्हता.

अप्पा पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला. "एकदा गांधी मैदानावर माझ्या हातातनं सुटलेला बॉल आमच्याच बॅकनं पायानं आडवला. लोकांस्नी दिसलं न्हाय. मलाच खांद्यावर घेतलं. मी काय बोल्लो न्हाय. त्यो बॅक अजून मला रस्त्यात भेटला की निस्ता हसतोय." एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

शनिवारी तिनं मामांना फोन लावला. ते मांडववाल्याशी बोलत होते, "उद्या बोलू, उद्या," म्हणाले आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर मामी म्हणाली, ते फेटेवाल्याकडं गेलेत.

रविवारी मंगल कार्यालय भरलं. शिवांजलीच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, तो तिच्या कानावर उतरत होता. मामांनी भाषण केलं. सातासमुद्रापलीकडनं आलेल्या पाहुण्यांनी उचगावची गुलाबं वाचवली, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. मग माईक तिच्या हातात आला.

"मामा, आधी तुमची माफी मागते," ती म्हणाली. "काल सांगायचं होतं, जमलं नाही. तुमची गुलाबं पाहुण्यांनी वाचवली नाहीत. पाहुणे उन्हात टिकले नाहीत. ती गावच्या कोळ्यांनी वाचवली. ते चिमणाबाईंच्या वांग्यातनं आत आले, आणि आले कारण तुम्ही फवारणी थांबवली. म्हणून सत्कार करायचाच तर फवारणी थांबवण्याचा करा. आणि वांगी न उपटण्याचा."

सभागृहात एकदम गलका झाला. मागनं कुणीतरी विचारलं, "म्हंजे पावणं जेवायच्या आधीच गेलं?" दुसरा म्हणाला, "दोन्ही एकसारखंच दिसत्यात म्हणता, मग वळखलं कशावरनं?"

तिनं माझी चित्रं वर धरली. केस दाखवले, पिशवी दाखवली. घंटा आणि पेला. पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या गृहस्थांना ती पिशवी कशाची हे शेजाऱ्यानं कानात सांगितल्यावर ते लाजून छताकडं बघायला लागले. पण शेतकरी मात्र उठून पुढं आले. चित्रं हातोहात फिरली. प्रश्नांवर प्रश्न. माझ्या बांधावर करंज आहे, त्यावर असतील का? एरंडावर? फवारणी थांबवल्यावर किती वाट बघायची? ती एकेकाला उत्तरं देत होती. फेटा केव्हा सुटून खांद्यावर आला ते तिला कळलंही नाही.

मामा मात्र व्यासपीठावर एकटे बसले होते. डोक्यावरच्या फलकाकडं त्यांनी एकदा बघितलं, मग खाली उतरून सरळ जीपकडं गेले. जेवायला थांबले नाहीत.

पुढं महिनाभर मामा आमच्याकडं फिरकले नाहीत. फोन केला की मामी उचलायची आणि म्हणायची, "हाईत की, पण आंघोळीला गेल्यात." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ. शिवांजली हसायची, आणि मग गच्चीवर जाऊन उगीच कुंड्या हलवत बसायची. एकदा मी वर गेलो तर ती रडत होती. "बरोबर सांगितलं ना हो मी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "केसागणिक बरोबर." त्यावर ती रडता रडता हसली.

आषाढ लागला आणि एक दिवस बोळात जीप अडकली. मागं हॉर्न. मामा स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले, मिशीवरनं हात फिरवला.

"पोरी, ती चिमणाबाई वांगी काढून ऊस लावत्या म्हणं."

"मग? तुम्हाला तेच पाहिजे होतं ना?"

"अय्यो, चेष्टा करू नको. ऊस लावला तर माझी पळणारी पोरं कुठनं यायची? चल माझ्यासंगं. तुझं ऐकत्या ती. मी गेलो की इळा काढत्या."

शिवांजली उठली ती पदर खोचतच. मीही मागं बसलो, हे बघायला मिळावं म्हणून. बांधावर चिमणाबाई उभीच होती. तिनं मामांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मामांनी "बाई" म्हटलं, "चिमणाक्का" म्हटलं, "आपण शेजारी" असंही म्हटलं.

"ऱ्हाऊ दे वांगी," शेवटी ती म्हणाली. "पण तुमच्या मांडवाचं पाणी माझ्या रानात येतंय. चर मारून वढ्याकडं न्या. उद्याच्या उद्या."

"उद्या कसं हुईल? मजूर..."

"मग ऊस."

दुसऱ्या दिवशी महालिंगमामा स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळून चरात उतरले. अप्पा बांधावर बसून सूचना देत होते, "डावीकडं उतार ठिवा, डावीकडं!" आणि चिमणाबाई सगळ्यांना चहा देत होती, मामांना सर्वांत शेवटी.

शिवांजलीचा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. त्यात एक आख्खं प्रकरण या दोन भाऊबंदांवर होतं, आणि माझी चित्रं. तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आमच्याकडनं अप्पा, आई, मामा, मामी आले. आणि मामांच्याच जीपमधनं, पुढच्या सीटवर बसून, नवं लुगडं नेसलेली चिमणाबाई.

बाहेरगावहून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी केसांवर विचारलं, पिशवीवर विचारलं, एक काचपट्टी कुठलंही नाव न सांगता पुढं ठेवली आणि म्हणाले, ओळखा. शिवांजली सूक्ष्मदर्शकावर वाकली. अप्पांनी श्वास रोखला, पेनल्टी किक असल्यासारखा. तिनं नाव सांगितलं. परीक्षक पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी सभागृहाकडं वळून नेहमीचा प्रश्न विचारला, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

त्यावर कधी कुणी काही विचारत नाही. पण मागच्या रांगेत चिमणाबाईनं हात वर केला.

"मला इचारायचंय. ही पळणारी किडं वांग्यातली आळी खात्यात का?"

प्राध्यापक मंडळी मागं वळून बघायला लागली. शिवांजलीनं मात्र अगदी परीक्षकांना द्यावं तसं उत्तर दिलं, "नाही मावशी. ती अळी वांगं पोखरून आत असते, आणि यांच्यापुढं ती हत्तीएवढी. यांच्या तोंडात मावत नाही."

"मग आळीचं कोण बघायचं?"

परीक्षक कौतुकानं म्हणाले, "बाई, त्याच्यावर दुसऱ्या कुणाला तरी पीएचडी करावी लागेल."

चिमणाबाईनं सभागृहावरनं नजर फिरवली. बसलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांवरनं, प्राध्यापकांवरनं.

"मग करा की कुणीतरी," ती म्हणाली आणि मांडी घालून खुर्चीवर नीट बसली. "मी हाय हितं."